प्रसूतितज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना आणि आपल्या डॉ. जेरुशाबाई

डॉ. जेरुशाबाई झिराड हे नाव आपल्या समाजातील जुन्या माणसांना मुद्दाम सांगावे लागत नाही. कोणी त्यांना कामा इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणून ओळखतात, तर कोणी १९२५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ज्युईश रिलिजस युनियनच्या पुढारी म्हणून. "माझा जन्म झिराडबाईंच्या हातचा" असे अभिमानाने सांगणारी माणसे लोद, रमले, अश्दोद, दिमोना अशा ठिकाणी आपल्याला भेटत आली आहेत. त्यांचे आडनावसुद्धा आपल्या अलिबागेकडच्या झिराड गावाचे. जन्म मात्र शिमोग्याचा, कारण आपल्या लोकांना नोकरीपायी कोठे कोठे जावे लागत असे.

परंतु त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आपल्या बोलण्यात सहसा निघत नाही. भारतातील सर्व प्रसूतितज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांची एक मोठी शिखर संघटना आहे. तिचे नाव 'फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनेकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया'. नाव एवढे लांब की डॉक्टर मंडळींनी त्याचे 'फॉग्सी' करून टाकले. या संघटनेची स्थापना १९५० साली झाली, आणि तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या आपल्या जेरुशाबाई. ज्या समाजाची संख्या भारतात कधी तीस हजारांच्या फार पुढे गेली नाही, त्यातील एक स्त्री एवढ्या मोठ्या देशाच्या प्रसूतिशास्त्राच्या संघटनेची पहिली अध्यक्ष व्हावी, ही गोष्ट आपल्या मुलानातवंडांना माहीत असावयास हवी. मी बरीच वर्षे बाळंतवॉर्डात काढलेली बाई आहे. तेव्हा ही हकीकत मी माझ्या रीतीने सांगते. तिची सुरुवात १९५० सालापासून करून चालणार नाही, बरेच मागे जावे लागेल.

त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातली गोष्ट. डॉक्टर नव्हे, सुईण बोलवायची. सुईणींमध्ये हुशार व मायाळू बाया पुष्कळ होत्या, पण हात स्वच्छ धुवायचे, नाळ कापायचे हत्यार उकळून घ्यायचे हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. बाळंतीण तापाने फणफणली की बाहेरची बाधा समजायची. पुरुष डॉक्टराला आत येऊ द्यायचे नाही, आणि स्त्री डॉक्टर तर मिळायची नाही. यावर तोड म्हणून १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्यातून ठिकठिकाणी बायकांची इस्पितळे निघाली. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून कामा इस्पितळ उभे राहिले. ते १८८६ साली सुरू झाले. बायकांसाठी आणि बायकांनीच चालविलेले, ही त्याची मुख्य अट होती.

या इस्पितळांतून काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई एकेकट्या पडलेल्या असत. पगार कमी, निवृत्तिवेतनाची खात्री नाही आणि निधीच्या कमिट्यांवर वैद्यक न कळणारी माणसे. म्हणून १९०७ साली मुंबईत 'असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया' ही संस्था स्थापन झाली. कामा इस्पितळाच्या डॉ. अॅनेट बेन्सन यांचा त्यात पुढाकार होता. या बायांनी सात वर्षे सरकारचा पिच्छा पुरविला, तेव्हा १९१४ साली स्त्री डॉक्टरांची स्वतंत्र सरकारी सेवा, म्हणजे विमेन्स मेडिकल सर्व्हिस, अस्तित्वात आली. संघटना केली तर सरकार ऐकते, हा धडा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी फार लवकर घेतलेला होता, हे येथे लक्षात ठेवावे. पुढच्या गोष्टीला त्याचा उपयोग आहे.

जेरुशाबाई पुण्यात शाळा शिकल्या आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली डॉक्टर झाल्या. पुढचे शिक्षण घ्यायचे तर विलायतेस जाणे भाग होते. हिंदुस्थान सरकारची त्यासाठीची शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लंडनमध्ये बायकांसाठी असलेल्या मेडिकल स्कूलमध्ये त्या शिकल्या. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते, तरुण डॉक्टर आघाडीवर गेले होते, आणि एरवी बायकांना बंद असलेले इस्पितळांचे दरवाजे थोडेसे उघडले होते. १९१९ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयांत लंडनची एम. डी. पदवी घेऊन त्या परतल्या. दिल्लीस आणि बंगलोरला काही वर्षे काम केल्यावर त्या मुंबईस आल्या. १९२८ सालापासून १९४७पर्यंत कामा इस्पितळाचा मुख्य कारभार त्यांच्याकडे होता. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या हिंदी डॉक्टर. त्यांच्या आधी ती जागा विलायतेहून आलेल्या बायांची होती.

आता त्याच वर्षांतली मुंबई पाहा. परळ, लालबाग, भायखळा येथे गिरण्या, गिरण्यांत हजारो बायका, आणि चाळीतल्या एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे. १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. सूतिकागृहे वाढली तशा घरच्या सुईणीला सोडून बायका इस्पितळात येऊ लागल्या. आणि येथेच एक विचित्र गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागली. घरात मेलेली बाळंतीण कोणी मोजत नसे. इस्पितळात मात्र प्रत्येकीचा केसपेपर असे आणि मृत्यू लिहिला जाई. लिहिला गेला म्हणजे कोणीतरी विचारणार, ही का मेली?

कारणे तशी जुनीच होती. बाळंतज्वर, झटके, रक्तस्राव. परंतु मुंबईच्या बायकांत आणखी एक शत्रू मोठा होता, तो म्हणजे रक्तक्षय. गर्भार बाई पांढरीफटक पडलेली, पायांवर सूज, जिना चढली तरी धाप, आणि बाळंत झाल्यावर थोडेसे रक्त गेले की त्या धक्क्यात प्राण जायचा. सशक्त बाईला जेवढे रक्त गेलेले कळणारही नाही, तेवढ्याने ही मरायची. या रोगाचा छडा लावण्यासाठी डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या प्रयत्नांतून १९२८ साली लंडनहून डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले. गिरणी कामगार बायकांचा आहार पाहिला, उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने ही बायांची विशिष्ट पंडुरोगाची तक्रार बरी होते हे १९३१ साली जाहीर केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे आज ज्याला फोलिक अॅसिड म्हणतात ते. येथे इस्राएलमध्ये गर्भार मुलीला पहिल्या भेटीतच फोलिक अॅसिडची गोळी घ्यायला सांगतात. त्या गोळीची गोष्ट आमच्या परळच्या चाळींतून निघाली, हे सांगितले की येथील तरुण नर्सांना खरे वाटत नाही.

मृत्यूची कारणे शोधायची तर ती एका इस्पितळाच्या वहीतून सापडणार नाहीत, सगळ्या शहराचा हिशेब लागेल, ही जाणीव तिसाव्या दशकात तीन ठिकाणी झाली. मद्रासला डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी अशी पाहणी केली. कलकत्त्याची पाहणी डॉ. नील एडवर्ड्स या बाईंनी केली, तिचा अहवाल १९४० साली निघाला. आणि मुंबईची पाहणी केली डॉ. जेरुशाबाईंनी. त्यांचा अहवाल सरकारने १९४१ साली प्रसिद्ध केला. माझ्या मते जेरुशाबाईंच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे काम. शस्त्रक्रिया करणारे हात पुष्कळ असतात. इस्पितळाचा रोजचा व्याप सांभाळून गावभरच्या बाळंतिणींच्या मृत्यूंचा माग काढणे हे वेगळ्या जातीचे काम आहे. त्यासाठी चिकाटी लागते, आणि आपल्या धंद्यातल्या माणसांना न आवडणारे प्रश्न विचारण्याचे धैर्यही लागते.

तीन शहरे, तीन अहवाल. एकाचा दुसऱ्याशी मेळ घालायचा तर सगळ्यांनी एकाच तऱ्हेने नोंद ठेवायला हवी. बाळंतपणानंतर किती दिवसांत झालेला मृत्यू या सदरात धरायचा? गर्भपातानंतर मेलेली बाई यात घ्यायची की नाही? बाहेरून अडलेल्या स्थितीत आणलेली आणि इस्पितळात वेळेवर नाव नोंदविलेली, यांना एका मापाने मोजायचे का? असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचे तर एकत्र बसणे भाग होते.

एकत्र बसण्यास सुरुवात झालेली होतीच. तिसाव्या दशकात मद्रास, मुंबई, बंगाल येथे प्रसूतिशास्त्राच्या सोसायट्या निघाल्या होत्या. सोसायटी म्हणजे फार मोठे काही नव्हे. इस्पितळाच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी डॉक्टर जमायचे, कोणी आपली अवघड केस मांडायची, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, नंतर चहा. पण डॉक्टराने आपली फसलेली केस चारचौघांत मांडणे ही साधी गोष्ट नाही. ज्यांनी वॉर्डातल्या सकाळच्या फेरीत मोठ्या डॉक्टरांचा राग पाहिलेला आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

१९३६ साली मद्रासला या विषयाचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन भरले. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. लिओनार्ड कोलब्रुक यांनी बाळंतज्वरावर सल्फा जातीचे नवे औषध गुणकारी ठरते हे दाखवून दिले होते. शंभर वर्षे ज्या तापापुढे डॉक्टर हतबल होते, त्यावर प्रथमच गोळी मिळाली. असे नवे काही निघाले की ते मासिकातून वाचून सगळे कळत नाही. मद्रासच्या डॉक्टरला मुंबईच्या डॉक्टरकडून समोरासमोर ऐकायचे असते की अहो, तुम्ही किती दिले, केव्हा दिले, आणि काय झाले. अधिवेशने यासाठी होती. मध्ये महायुद्ध आले, मग फाळणी, तरीही १९३६पासून १९५०च्या जानेवारीपर्यंत सहा अधिवेशने पार पडली. मात्र ही अधिवेशने म्हणजे जत्रेसारखी. पाल ठोकले, चार दिवस गर्दी, पुन्हा मैदान मोकळे. पुढच्या अधिवेशनापर्यंत काम चालू ठेवणारी कचेरी नाही, वही नाही, पैसा नाही.

विलायतेत १९२९ साली प्रसूतितज्ज्ञांचे स्वतःचे कॉलेज निघाले होते आणि १९३८ साली त्याला 'रॉयल' पदवी मिळाली होती. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर त्याचे सभासद. जेरुशाबाईंनासुद्धा १९४७ साली त्याची फेलोशिप मिळाली. परंतु देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या डॉक्टरांची लायकी लंडनने ठरवायची, हे किती दिवस चालणार? शिवाय लंडनच्या कॉलेजला परळच्या बाईचा रक्तक्षय कोठून ठाऊक असणार?

दरम्यान सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला होता. डॉ. मुदलियार त्या समितीचे एक सभासद होते. त्यातील आकडे वाचले तर आजही अंगावर काटा येतो. बाळंतपणाच्या कारणाने देशात दर वर्षी सुमारे २,००,००० बायका मरतात, हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता जातात, असा त्यांचा अंदाज होता. आणि एवढ्या मोठ्या देशात शिकलेल्या सुइणी सुमारे ५,०००, नर्सा सुमारे ७,०००, आणि हेल्थ व्हिजिटर अवघ्या ७५०. दोन लक्ष बायका म्हणजे केवढे गाव होईल याचा विचार वाचकांनी करावा. एक अख्खे शहर दर वर्षी नाहीसे होत होते, आणि त्याची बातमी वर्तमानपत्रात येत नव्हती.

अशा वेळी, १९५०च्या जानेवारीत, मद्रासला सहावे अधिवेशन भरले. ६ जानेवारी हा उद्घाटनाचा दिवस. त्या दिवशी अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास वगैरे ठिकाणच्या सोसायट्यांनी मिळून ठराव केला की आपण सर्वांनी एक राष्ट्रीय फेडरेशन करावे. कायमची कचेरी मुंबईत असावी असेही ठरले. मी पंचांग पाहिले, तो शुक्रवार होता. वीस दिवसांनी, २६ जानेवारीस, भारत प्रजासत्ताक झाला. म्हणजे देशाची घटना अमलात येण्याआधीच प्रसूतितज्ज्ञांची घटना तयार झाली, असे गमतीने म्हणता येईल.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधते. त्यांनी एकच एक अखिल भारतीय सोसायटी काढून तिच्या शाखा केल्या नाहीत. त्यांनी फेडरेशन केले, म्हणजे प्रत्येक गावची सोसायटी आपल्या नावानिशी, आपल्या पैशानिशी, आपल्या अध्यक्षासह जशीच्या तशी राहिली, आणि वर सर्वांच्या प्रतिनिधींचे मंडळ बसले. डॉक्टराने आपल्या गावच्या सोसायटीचे सभासद व्हायचे, आणि सोसायटीच्या द्वारे तो फेडरेशनमध्ये येतो. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. मुंबईच्या डॉक्टरांना मद्रासचा हुकूम आवडला नसता, आणि बंगाल्यांनी मुंबईचा ऐकला नसता. आपल्या समाजातल्या संस्थांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको. प्रत्येक प्रार्थनामंदिराचा मुकादम वेगळा आणि प्रत्येकाची पेटी वेगळी असते, पण सर्वांना जोडणारे काहीतरी लागतेच.

पहिल्या अध्यक्षपदी जेरुशाबाई आल्या. मद्रासला मुदलियार होते, त्यांची विद्वत्ता सर्वमान्य. कलकत्त्याला डॉ. सुबोध मित्र होते, मुंबईत डॉ. शिरोडकर होते. हे सगळे नामांकित पुरुष असताना एका बाईंना मान मिळाला. केवळ स्त्री म्हणून सौजन्याने दिलेला हा मान होता असे मला मुळीच वाटत नाही. त्या वेळी त्या कामा इस्पितळातून निवृत्त झालेल्या होत्या, साठीच्या उंबरठ्यावर होत्या. मुंबईचा मृत्यूंचा अहवाल त्यांच्या नावावर होता. १९४५ साली सरकारने त्यांना एम. बी. ई. किताब दिलेला होता. आणि संघटना कशी चालवायची हे त्यांना ठाऊक होते, कारण १९०७ साली निघालेल्या त्या स्त्री डॉक्टरांच्या असोसिएशनच्याही त्या १९४७पासून अध्यक्षा होत्या, त्या १९५७पर्यंत राहिल्या.

म्हणजे एकाच वेळी त्या बायकांच्या स्वतंत्र संस्थेच्या अध्यक्षा आणि स्त्रीपुरुषांच्या सामाईक संस्थेच्याही अध्यक्षा. आजच्या मुली विचारतील की सामाईक संस्था निघाली तर बायकांची वेगळी कशाला? माझे उत्तर असे की सामाईक संस्थेत बायकांना जागा मिळते ती त्यांच्यामागे स्वतःची संस्था उभी असते तेव्हा. कामा इस्पितळ बायकांनीच चालवायचे हा नियम नसता तर एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्याची संधी, वॉर्डावर हुकूम चालविण्याची सवय, जेरुशाबाईंना कोठे मिळाली असती? त्या बंद दरवाज्याआड तयार झाल्या, आणि मग उघड्या मैदानात पहिल्या खुर्चीवर बसल्या.

फेडरेशनने पहिल्याच वर्षी एक चांगले काम केले. १९५० सालीच स्वतःचे नियतकालिक सुरू केले, 'जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी ऑफ इंडिया'. संघटनेचा प्राण मासिकात असतो, हे आपले मासिक चालविणाऱ्यांना तरी पटेल. अधिवेशनात बोललेले हवेत विरते, छापलेले उरते. आडगावच्या सरकारी इस्पितळातील एकट्या डॉक्टराला मद्रास परवडत नाही, अंक परवडतो. आणि आपण पाहिलेल्या शंभर केसांचा हिशेब लिहून पाठविण्याची सवय त्याला लागते. 'मी असे पाहिले' येथून 'शंभरात इतक्या जणींना असे झाले' येथपर्यंत येणे, हाच तर सगळा फरक.

सुरुवातीच्या त्या वर्षांत फेडरेशनमध्ये किती मोठी माणसे होती हे थोडक्यात सांगते. डॉ. मुदलियार मद्रासच्या एग्मोर येथील बायकांच्या जुन्या इस्पितळाचे. त्यांनी लिहिलेल्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकावर भारतातील डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. मद्रास विद्यापीठाचे ते १९४२पासून १९६९पर्यंत कुलगुरू होते. डॉ. सुबोध मित्र यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे हे अंग बाहेर येण्याच्या विकारावरील शस्त्रक्रियेबद्दल प्रसिद्ध. लागोपाठच्या बाळंतपणांनी आणि बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर ओझे वाहण्याने आपल्याकडच्या तरुण बायांना हा विकार होई. विलायतेत तो म्हाताऱ्या बायांचा, तेथे पिशवी काढून टाकली तरी चाले. आमच्या पंचविशीतल्या बाईला अजून मुले हवी असत, म्हणून पिशवी राखून ती वर बांधून घेण्याची युक्ती आपल्याच डॉक्टरांना शोधावी लागली.

आणि डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. हे मूळचे गोव्याच्या शिरोड्याचे. काही बायांना चौथ्या पाचव्या महिन्यात, कळा न येताच, गर्भाशयाचे तोंड उघडते आणि मूल जाते. पुन्हा पुन्हा असेच होते. घरची माणसे त्या बाईला काय काय बोलतात ते मी येथे लिहीत नाही. शिरोडकरांनी मांडीच्या स्नायूवरील पातळ चिवट पडद्याची पट्टी घेऊन तिने गर्भाशयाचे तोंड बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया काढली, आणि १९५५ साली ती प्रसिद्ध केली. गंमत अशी की हा लेख फेडरेशनच्या जर्नलमध्ये न येता मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' नावाच्या मासिकात आला. आज जगभर 'शिरोडकर टाका' म्हटले की डॉक्टरांना कळते. मी येथे इस्राएलमध्ये पहिल्यांदा एका रशियन डॉक्टरच्या तोंडून 'शिरोदकार' असे ऐकले, तेव्हा तो शब्द मराठी आहे हे त्याला सांगितल्यावाचून मला राहवले नाही.

१९५४ साली जिनिव्हा येथे जगातल्या प्रसूतितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. म्हणजे भारताची राष्ट्रीय संघटना तिच्याहून चार वर्षांनी वडील.

येथपर्यंत कौतुक झाले. आता नर्स या नात्याने एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हे फेडरेशन डॉक्टरांचे. ज्या खेड्यांतून त्या दोन लक्ष बायका मरत होत्या, तेथे डॉक्टर नव्हताच. तेथे दाई होती, फार तर नर्स-सुईण. त्यांची या सोसायट्यांत खुर्ची नव्हती. निर्गमाच्या पुस्तकात शिफ्रा आणि पूआ या सुइणींची नावे आहेत, फारोचे मात्र नुसते 'फारो' एवढेच. प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात उलटे झाले आहे, मोठ्यांची नावे सापडतात आणि सुइणींची सापडत नाहीत. नर्सांनी मग आपली वेगळी वाट काढली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनची पायाभरणी १९०८ सालीच झाली होती, १९१० सालापासून त्यांचेही जर्नल निघत होते, आणि १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. आपल्या समाजातील कितीतरी मुली याच वाटेने गेल्या. त्या काळी शिक्षिका आणि नर्स हे दोन धंदे आपल्या मुलींसाठी जणू राखून ठेवलेले होते. दोन्ही संघटनांनी हातात हात घालून काम केले असते तर काही वर्षे वाचली असती, असे माझे मत आहे. रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला तर पहिला हात पोटावर पडतो तो नर्सचा.

तरी मोजदादीची जी सवय मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या त्या पाहण्यांनी लावली, ती वाया गेली नाही. भोर समितीच्या हिशेबाने एक लाख जन्मांमागे सुमारे २,००० माता जात. भारत सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणे २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७ होता. १९९२-९३ साली देशात शेकडा सुमारे २६ बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये शेकडा ८९ झाली. याचे श्रेय एका संघटनेचे नाही. पेनिसिलीन, रक्तपेढ्या, रस्ते, मुलींचे शिक्षण, उशिरा होणारी लग्ने, लहान कुटुंब, सरकारी योजना, या सर्वांचे ते आहे. मात्र रक्तस्रावात काय प्रथम करायचे, झटक्यात कोणते औषध किती द्यायचे, हे सर्व देशातील डॉक्टरांना एका रीतीने शिकविण्याचे काम अशा संघटनेवाचून होत नाही.

मूठभर सोसायट्यांनी सुरू झालेल्या फेडरेशनमध्ये आज अडीचशेहून अधिक सोसायट्या आहेत, आणि सभासद चाळीस हजारांच्या वर. १९८४ साली त्याने शिक्षणासाठी आपले स्वतंत्र कॉलेज स्थापन केले. लंडनच्या कॉलेजकडे पाहण्याची जी गरज जुन्या डॉक्टरांना वाटे, तिला घरचे उत्तर मिळावयास चौतीस वर्षे लागली.

जेरुशाबाईंना १९६६ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी लग्न केले नाही. नव्वदी ओलांडून त्या गेल्या. तोवर आपल्यापैकी बहुतेकजण इकडे येऊन स्थायिक झालेले होते, त्यामुळे मुंबईत त्यांना शेवटचे पाहिलेले फार थोडे.

कामा इस्पितळ अजून त्याच जागी, बोरीबंदर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर उभे आहे. फेडरेशनची कचेरी १९५०च्या ठरावाप्रमाणे मुंबईतच आहे, जर्नल निघते, आणि वार्षिक अधिवेशन बहुधा जानेवारी महिन्यातच भरते, दर वर्षी नव्या गावी. आपल्यापैकी कोणाचा नातू वा नात येथे डॉक्टर असेल आणि कधी त्या अधिवेशनास जाण्याचा योग आला, तर फेडरेशनच्या माजी अध्यक्षांची यादी अवश्य पाहावी. वरून पहिले नाव आपल्या अलिबागच्या गावाचे आहे.